वाजवता न येण्याची नोकरी

मला पेटी वाजवता येत नाही. एवढं आधी सांगून टाकतो, कारण जळगावच्या आमच्या कारखान्यात निघालेली प्रत्येक महागडी पेटी माझ्या हाताखालून गेली, हे कळलं की लोक हमखास म्हणतात, "मग एखादा अभंग होऊन जाऊ द्या." मग मी खोकतो, पाणी मागतो आणि विषय केळीच्या भावाकडे नेतो.

या अंकाच्या संपादकांनी मला अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना असावी की म्हाताऱ्याने सुरांविषयी काहीतरी गोड लिहावं. माझ्याजवळ गोड काही नाही. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत मी एका माणसावर जळलो आणि पेन्शनीत निघाल्यावरही जळतो आहे. त्याचं नाव दिगंबर. आमच्या कारखान्यात तो गिऱ्हाइकाला पेटी वाजवून दाखवायचा.

मी मूळचा धुळ्याचा सुतार. बैलगाड्या, चौकटी, पाळणे असलं काम. स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरच्या दिवाळीत जळगावच्या एका शेठजींनी पेट्यांचा कारखाना काढला आणि सागवान ओळखणारा माणूस हवा म्हणून मला बोलावलं. लाकडापासून सुरुवात करून मी हळूहळू सेटिंगवर आलो. सेटिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण पेटी विकत घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

सुतार पेटी जोडून देतो तेव्हा ते नुसतं खोकं असतं. आधी भाता बघायचा. सगळ्या पट्ट्या सोडून भाता भरायचा आणि हात काढून घ्यायचा. तो किती सावकाश खाली बसतो त्यावर वारा कुठे चोरीला जातो का ते कळतं. संशय आला तर सांध्यापाशी उदबत्ती धरायची. धूर वाकडा झाला की भोक सापडलं. मग पट्ट्या. बोटाला प्रत्येक पट्टीचा दाब सारखा लागला पाहिजे, नाहीतर एक पट्टी मऊ आणि शेजारची हट्टी. आणि शेवटी सूर. सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ, पितळेच्याच चौकटीत एका टोकाला जखडलेली. वारा लागला की ती थरथरते आणि बोलते. तिचं मोकळं टोक कानशीने जरा घासलं की सूर चढतो, जखडलेल्या टोकाशी खरवडलं की उतरतो. किती घासायचं ते कान सांगतो. जास्त घासलं तर सूर गेला, आणि युद्धानंतर जर्मन सूर मिळणं इतकं अवघड झालं होतं की असा एक सूर फुकट गेला तर शेठजी दिवसभर तोंड फिरवून बसत.

हे सगळं मी मागच्या खोलीत करायचो. पुढे दुकान, मागे मी, मध्ये फळ्यांची आडभिंत. त्या फळ्यांत एक फट होती. माझं निम्मं आयुष्य त्या फटीतून दिसलेलं आहे.

दिगंबर आला तो बंद पडलेल्या एका नाटक कंपनीतून. गोरा, कुरळ्या केसांचा, कानात अत्तराचा फाया. शेठजींनी त्याला दुकानात बसवलं आणि नवी पेटी पुढे ठेवली. ती मी दोन दिवस खपून लावलेली होती. त्याने डाव्या हाताने भाता असा हलवला की पेटी झोपेतून हळूच जागी झाल्यासारखी वाटली, आणि उजवा हात फिरायला लागला तेव्हा रस्त्यावरची माणसं पायरीवर येऊन उभी राहिली. एक म्हणाला, "काय पेटी आहे!" दुसरा म्हणाला, "पेटी कसली, हात बघा हात." मागे मी कानस हातात धरून बसलो होतो. 

त्या दिवसापासून गिऱ्हाईक यायचं ते दिगंबरकडे. तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. साक्रीकडचा एक जण आला. त्याला अशी पेटी हवी होती की जिचा आवाज नाल्यापलीकडच्या वाडीपर्यंत जाईल. कारण पलीकडे त्याचा सासरा राहायचा आणि त्याला भजनाचा हेवा वाटला पाहिजे, एवढाच हेतू. त्याने भावाला पार रस्त्याच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि दिगंबरला म्हणाला, "वाजाडा भाऊ. मन्हा भाऊ तठे उभा शे. त्याले ऐकू उनं म्हणजे तो फडकं हालाडी." दिगंबरने वाजवलं. टोकावरच्या भावाने फडकं हलवलं नाही. ते डोक्याला गुंडाळून तो शेवेच्या दुकानात शिरला होता. तरी पेटी विकली गेली, कारण दिगंबरने त्या माणसाच्या सासऱ्याचं नाव विचारून त्यावर तिथल्या तिथे एक चाल बसवून दाखवली. गिऱ्हाईक हसत हसत पेटी खांद्यावर मारून निघून गेलं. मला हसू आलं नाही. त्या पेटीचा आवाज मोठा व्हावा म्हणून आतली फळी रंध्याने पातळ केली होती मी.

आता मुद्द्यावर येतो. दिगंबर यायच्या आधी पेटी पास करायचं काम माझं होतं. तो आल्यावर शेठजींनी नवीन रीत घातली. मी सेटिंग करायचं आणि शेवटी दिगंबरने वाजवून बघायचं. तो "छान" म्हणाला की पेटी पास. शेठजींचं म्हणणं असं की ज्याला वाजवता येतं त्यालाच पेटी कळणार. ऐकायला ते इतकं बरोबर वाटे की मीही मान्य केलं.

त्या सुमारास रावेरकडच्या एका भजनी मंडळाने आमची सर्वांत मोठी पेटी सांगितली. दुहेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला दोन जिभा असलेली, खुंट्यांची, बाजूला पितळी कड्या. त्यांच्या गावी सप्ताह बसणार होता आणि शेजारच्या गावाने आदल्या वर्षी नवी पेटी आणून यांचं नाक खाली केलं होतं. मंडळाचे पुढारी रामदास पाटील, केळीच्या बागांचे मालक, स्वतः येऊन लाकूड पसंत करून गेले. मी ती पेटी लावली. सगळी मनासारखी झाली, फक्त मधल्या सप्तकातला एक सूर, ते लोक ज्या पट्टीत गातात तिचा गांधार, मला खटकत होता. त्याची एक जीभ चौकटीत जरा खाली बसली होती. हळू वाऱ्याला बोलायची, पण जोराचा वारा आला की गुदमरणार अशी भीती होती. नुसत्या संशयावर उचलावी तर हळू वाऱ्याला मुकी व्हायची. मी शेठजींना म्हटलं, "आणखी दोन दिवस ठेवा, एखाद्या आडदांड माणसाकडून भाता मारून घेऊ." शेठजींनी दिगंबरला बोलावलं. त्याने वाजवलं. पेटी मधासारखी वाजली. "छान," तो म्हणाला आणि पेटी रेल्वेने रावेरला गेली.

आठवडा गेला नसेल, पेटी परत आली. मागोमाग रामदास पाटील. "गांधार घशात अडकतो," म्हणाले. शेठजींनी पेटी दिगंबरपुढे ठेवली. मधासारखी वाजली. पाटील डोकं खाजवत परत गेले. पुन्हा पेटी आली आणि पुन्हा पाटील. या खेपेला त्यांच्याबरोबर मंडळाचा वाजवणारा होता. सुकलाल त्याचं नाव. बागेतून केळीचे घड कापणारा माणूस. चिकाने त्याची बोटं काळी झाली होती आणि एकेक बोट माझ्या दोन बोटांएवढं.

"शेठ," पाटील उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमची पेटी इथी बोलते अन् तथी घोगरते. कामून? आमाले येडं समजून रायले का तुमी?"

शेठजी म्हणाले, "पाटीलभाऊ, बसा. आमच्या दिगंबरने परवाच..."

"त्याईचं नका सांगू. त्याईनं लाकडाच्या फळीवर बोटं फिरवली तरी गाणं निंघीन. आमच्या गावी त्याई येतीन का वाजवाले? सप्ता उद्यावर आला. एदलाबादच्या यात्रेत मी एकेकाले सांगीन, जळगावची पेटी घेऊ नका."

शेठजींचा चेहरा उतरला. यात्रेत एक पाटील बोलला की तापीकाठचं एकही मंडळ आमच्या दारात आलं नसतं. पण बोलणी खाल्ली मीच. त्यांनी फळीवर थाप मारून मला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुपडू, सेटिंग तुझं. उत्तर तू दे."

मी सुकलालला म्हटलं, "भाऊ, तू वाजव." तो बिचारा संकोचला. दिगंबरसमोर बसायचं म्हणजे काय. बसला, आणि भात्याला असा हिसका दिला की जणू केळीचं खोड उपटतोय. सा निघाला, रे निघाला आणि गांधाराला पेटी खरंच घुसमटली. पुन्हा हिसका, पुन्हा घुसमट.

"बघा," सुकलाल म्हणाला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चूक त्याचीच आहे.

मग मी दिगंबरला बसवलं आणि त्याचा हात बघितला. कान बंद ठेवले म्हटलं तरी चालेल, नुसता हात बघितला. ज्या जागी सुकलाल गांधारावर धाडकन येत होता तिथे दिगंबर शेजारच्या सुरावरून निसटून येई, त्याला जेमतेम शिवे आणि पुढे जाई. भाताही त्या क्षणी मऊ होई. दुखऱ्या दाढेचा माणूस दुसऱ्या बाजूने चावतो तसं. आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता!

"दिगंबर," मी म्हटलं, "गांधारावर थांब. जोराने वारा दे."

त्याने दिला. पेटी घुसमटली. तो दचकला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "मला कधी लागलाच नाही हा."

"कारण तू तिथे जातच नाहीस."

"चुकतं तिथे हात कशाला जाईल, सुपडूनाना?" तो हसत म्हणाला. खरं सांगतो, मला त्या हसण्याचा राग आला. माझ्या हाताला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो बघता बघता खड्डे चुकवत चालायचा आणि मला प्रत्येक खड्डा मोजावा लागायचा.

मी तिथेच पेटी उघडली, ती जीभ नखाच्या टोकाने केसभर उचलली, पेटी बंद केली आणि सुकलालपुढे सारली. त्याने जीव खाऊन हिसका दिला. गांधार खणखणीत बोलला. सुकलाल एकच सूर दाबून बसला आणि आमच्याकडे बघून लहान पोरासारखा हसत राहिला. पाटलांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. यात्रेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मंडळी गेल्यावर शेठजी गल्ल्यापाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "आजपासून दिगंबर पेटी विकेल, पास करणार नाही. पास करायला वाजवता न येणारा माणूस पाहिजे. सुपडू, तूच."

माझी छाती फुगली. दिगंबरसमोर, दुकानात, दिवसाढवळ्या मला माझं काम परत मिळालं. पण शेठजी तेवढ्यावर थांबले नाहीत.

"आणि ते दुपारचं शिकणं बंद कर," ते म्हणाले.

त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. गेले काही महिने दुपारच्या सुट्टीत दिगंबर मला शिकवत होता. मीच मागे लागलो होतो. सरगम झाली होती, आणि एका अभंगाची पहिली ओळ बसत आली होती. त्या ओळीत एका शब्दावर गांधार लांब धरायचा असतो. तो धरला की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी वर्षं सूर घासले, पण माझ्या हातून निघालेलं गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तुझा हात शिकला," शेठजी म्हणाले, "की तोसुद्धा चुकवायला शिकेल. मग मी सुकलालसाठी पेटी कुणाकडून पास करून घेऊ?"

दिगंबर मला मागे येऊन म्हणाला, "नाना, मी शिकवतो गुपचूप. त्यांना काय कळतंय?"

मी नाही म्हटलं. शेठजींच्या भीतीने नाही. मी रात्रभर विचार केला आणि मला त्यांचं म्हणणं पटलं, हे जास्त वाईट होतं. पेट्या घेणारे दिगंबर नसतात, सुकलाल असतात. माझा अडाणी हात हेच माझं हत्यार होतं, आणि ते मला बोथट करायचं नव्हतं. मी ती ओळ सोडली. त्यानंतर मी पेटी वाजवली ती सुकलालसारखीच: हिसके देऊन, आडदांडपणे, एकेक सूर धरून. आमच्या पेट्या खानदेशभर गेल्या. परत आलेली पेटी मला नंतर आठवत नाही. याचा मला अभिमान आहे, आणि त्या अभिमानाला एक कडू चव आहे.

कारण दिगंबरचं काहीच बिघडलं नाही. धुळ्याला आमचं दुकान निघालं तेव्हा उद्घाटनाला तो गेला. माझ्या गावाला! हार त्याच्या गळ्यात पडला. माझे भाचे, चुलते, शेजारी त्याची पेटी ऐकून आले. माझी बायको सोनाबाई घरी येऊन म्हणाली, "काय ग्वाड वाजाडतस दिगूभाऊ! तुम्ही इतला वरीस पेट्यास्मा काढात, नि तुम्हले एक ओळ येत नही?"

"ती पेटी मी लावलेली आहे," मी म्हटलं.

"ते खरं शे," ती म्हणाली, "पन वाजाडी त्यास्नी ना."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिने ओवा दिला.

मी या वर्षी नोकरी सोडली. शेठजींनी निरोपाला दुहेरी सुरांची एक पेटी दिली, मीच पास केलेली. धुळ्याच्या घरी आणून ठेवली. आता कोणाची बंदी नव्हती, तेव्हा पहिलं काम ती सोडलेली ओळ. बोटं काटक्यांसारखी झाली आहेत, पण ओळ अजून कुठेतरी होती. दसऱ्याला मी पेटी उघडून सगळे सूर पुन्हा लावले, सावकाश, आयुष्यात पहिल्यांदाच घाई नसताना. इतकी चांगली पेटी मी कधी लावली नव्हती.

गेल्या आठवड्यात दिगंबर भेटायला आला. केस पांढरे, पण अत्तर तेच. सोनाबाईने भरताचा बेत केला होता. जेवण झाल्यावर तिने पेटी पुढे केली. मला वाईट वाटलं, ती माझ्यापुढे कधी पेटी ठेवत नाही. त्याने आमचीच ओळ घेतली. मुद्दाम घेतली असेल. भाता तसाच मऊ, हात तसाच. सोनाबाई डोळे मिटून डोलत होती.

मी मात्र डोळे उघडे ठेवले होते. सवयच ती. आणि मी बघितलं की लांब धरायच्या शब्दावर त्याचं बोट गांधारावर आलं, जेमतेम शिवलं आणि निसटून पुढे गेलं.

"थांब," मी म्हटलं. पट्टी दाबली, जोराने वारा दिला. गांधार स्वच्छ बोलला. मला तरी स्वच्छ लागला. "काय झालं या सुराला?"

"काही नाही की," दिगंबर म्हणाला. "छान आहे."

"दिगंबर, तू तिथे गेला नाहीस."

त्याने बोट पुन्हा गांधारावर नेलं. मग म्हणाला, "उतरलाय जरासा. दोन्ही जिभा एकमेकींशी भांडताहेत. बारीक आहे, नाना. कुणाला कळणार नाही."

मला कळलं नव्हतं. दसऱ्याला मीच तो लावला होता, माझ्या कानाने. मी विचारलं, "माझ्या शेवटच्या दिवसांतल्या पेट्या?"

"त्या चांगल्या होत्या," तो म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

मी हत्यारं काढली, पेटीचं झाकण उचललं. दिगंबर माझ्याशेजारी येऊन बसला. मी जिभेचं टोक कानशीने घासायचो, तो मान वाकडी करून ऐकायचा. "अजून," म्हणायचा. मी घासायचो. सोनाबाई दिवा जवळ घेऊन उभी होती. माझ्या आयुष्यभराच्या कामात शेवटचा शब्द त्याचा होता, आणि त्याला इतकंही कळत नव्हतं की कानस कुठल्या बाजूने धरतात. पण त्याचे कान शाबूत होते. माझा जळफळाट झाला. कानस मात्र मी चालूच ठेवली.

"बस," दिगंबर म्हणाला.

मी थांबलो. त्याने ती ओळ पुन्हा घेतली, आणि या खेपेला त्या शब्दावर बोट पुरतं टेकलं आणि थांबलं. सोनाबाई म्हणाली, "आते कसं ग्वाड लागनं!" दिगंबरने माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणतो म्हणून.

मी मान डोलावली. मला तो सूर आधी जसा ऐकू येत होता, तसाच ऐकू आला.